शून्याचा खिळा

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोनवर टाइप करायला लागलं की माझा राग दुसऱ्या ओळीतच दमतो, म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो तुला पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझा मेसेज वाचला. ‘अभिनंदन. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, फक्त बाबांची पेटी आण.’ बाबा गेल्यावर तू चार दिवस येऊन गेलीस, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तुझे मला दोन मेसेज आले. पहिला बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशीचा, आणि त्यातही पेटीच होती. धाकट्या बहिणीची चौकशी तिसऱ्या मेसेजमध्ये येईल असं धरून चालते.

तर हो, येतेय. वजनकाट्यांच्या कारखान्यानं वर्षाच्या करारावर बोलावलंय. जुने स्प्रिंगचे आणि तरफेचे काटे त्यांच्याकडे ढिगानं पडलेत आणि ते उघडून दुरुस्त करणारी माणसं तिकडे उरली नाहीत. हा कारखाना नेमका तुझ्या गावात असावा, तुझ्या प्रयोगशाळेपासून बसच्या चार थांब्यांवर, आणि तरी तू माझ्यासाठी कुठेही शब्द टाकलेला नाहीस असं मी समजायचं. ठीक आहे. नसशील टाकला. उपकार नको असलेल्या माणसावर उपकार करायची तुझी जुनी हौस आहे, एवढंच मला माहीत आहे.

सामानाचं असं की विमानाच्या पोटात तेवीस किलोंची एक बॅग आणि हातात सात किलो. वर्षभराचा संसार त्यात बसवायचा. तूही वर्षासाठीच गेली होतीस. अकरा वर्षांपूर्वी. तेवीस किलोंतच.

तेवीस कसले, सत्तावीस. काउंटरवरच्या माणसानं ‘चार किलो काढा’ म्हटल्यावर तू तिथंच फरशीवर गुडघे टेकलेस, बॅग उघडलीस आणि पेटी काढून माझ्या हातात दिलीस. कपडे नाही काढलेस, बूट नाही, ती जाडजूड पुस्तकं नाहीत. बाबांनी स्वतःच्या हातांनी दिलेली वजनांची पेटी काढलीस. मग मागं वळूनही न बघता आत गेलीस. मी बसमध्ये ती मांडीवर घेऊन घरी आले.

आता तीच पेटी मी माझ्या तेवीस किलोंतून तुला पोचती करायची. बघते बसते का. नाही बसली तर विमान कंपनीला बोल लाव, मला लावू नकोस.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या सूचना मिळाल्या. अठरा आहेत, मोजल्या. बॅग रिकामी असताना तिचं वजन कर. जड बूट पायात घाल, कोट अंगात घाल. साबण आणि तेल इथे मिळतं, वर्षाचा साठा आणू नकोस. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेव. हत्यारं हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, काढून घेतात. कपडे घडी न घालता गुंडाळ. हे सगळं तुला तेव्हा ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

परवा आपलं काटेदुरुस्तीचं दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांचे काटे ज्याचे त्याला पोचते केले, बाबांचं टेबल पुढच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यानं नेलं. चार पाय जिन्यातून उतरवताना तो म्हणाला, ‘तुमच्या बाबांनी माझ्या सासऱ्यांचा काटा दुरुस्त केला होता. आत अजून त्यांची चिठ्ठी आहे.’ मी म्हटलं, असणारच.

तुला आठवतं का चिठ्ठ्यांचं? तू टेबलाशी बसलीसच किती म्हणा. बाबा काटा उघडत, चूक शोधत, ठीक करत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवत. तारीख, चूक किती, आणि एक शब्द. दोनच शब्द होते त्यांचे. नुसता झिजून बिघडलेला असला तर ‘झीज’. कुणी मुद्दाम बिघडवलेला असला तर ‘हात’. मग झाकण लावून टाकायचं. दुकानदाराला एक अक्षर बोलायचं नाही, गिऱ्हाइकासमोर तर नाहीच. मी एकदा चिडून विचारलं होतं, चोराला चोर म्हणायला काय होतं तुम्हाला? तर म्हणाले, ‘आत लिहिलंय. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. अजून कुणाला कळायला पाहिजे?’

फक्त एक गोष्ट करत. ज्याच्या काट्यात ‘हात’ निघाला, त्याच्याकडचा चहा पुन्हा घेत नसत. काम करून देत, हसून बोलत, त्याच्या मुलांची चौकशी करत. चहा आला की म्हणत, आत्ताच झाला. बाजारातले निम्मे लोक बाबांना चहा आवडत नाही असंच समजत होते.

हे मला माहीत आहे, कारण टेबलाशी मी बसत होते. तू तुझ्या परीक्षा देत होतीस. आणि पेटी मात्र तुला मिळाली. ‘तिकडे मोजमापाचं शिकायला चाललीय, तिला कामाला येतील,’ म्हणाले. जसं मी इकडे भजन करत होते.

आता घरात एकच काटा उरलाय, आपला हुककाटा. बाबांनी स्वतः बनवलेला, पन्नास किलोंचा, स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगलेला असायचा तो. तुझी बॅग त्यावरच तोलली होती. तू गेल्यापासून माळ्यावर पडलाय. माझी बॅगही त्यावरच तोलीन. त्याची खोड मला चांगली ठाऊक आहे.

धाकटी


१ मार्च

ताई,

बॅग भरतेय. मावशी मदतीला येऊन बसलीय, म्हणजे मी भरते आणि ती काढते. गेली चाळीस वर्षं ती आपल्या वरच्या मजल्यावर राहते आणि कधी कुठे गेली नाही, त्यामुळे प्रवासाचं तिला सगळं माहीत आहे.

‘चार चादरी कशाला?’

‘वर्षभर लागतील.’

‘तिकडे लोक काय उघड्या गादीवर झोपतात?’

दोन चादरी काढल्या.

आधी हत्यारं घातली. पान्हे, कानशी, बारीक चिमटे, सुया, स्प्रिंगांचा डबा आणि वस्तू आवळून धरायचा छोटा शेगडा, म्हणजे तुझ्या भाषेत व्हाइस. तेच सहा किलोंवर गेलं असणार. मग गरम कपडे. ते अंगावर घालून जायचं ठरवलं होतं, पण एकावर एक तीन स्वेटर घालून मावशीसमोर उभी राहिले तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दोन बॅगेत, एक अंगात. बूट पायात. चष्म्याच्या दोन जोड्या, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती. बाबांचा कामाचा अंगरखा मी घेतला. त्याला तेलाचा वास येतो आणि तो मला पाहिजे. त्याचं वजन कुणाला विचारणार नाही.

मावशी मध्येच म्हणाली, ‘आणि पेटी?’

मी म्हटलं, ‘जागा झाली तर.’

‘ती आधी ठेव. मग बाकीचं तिच्याभोवती बसव.’

मी ऐकलं नाही. ताई, खोटं कशाला सांगू, मी ती फडताळातून काढलीसुद्धा नाही. सगळ्यात शेवटी जी वस्तू येते ती राहते, हे बॅग भरणाऱ्या कुणालाही कळतं. मी ती शेवटाला ठेवली. तुला जे एकच पाहिजे ते बरोबर राहून जावं, आणि ते तेवीस किलोंच्या नियमानं राहून जावं, माझ्यामुळे नाही, याची मी अकरा वर्षं वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. तूही नियमच दाखवला होतास ना. ‘काय करू, चार किलो जास्त आहेत.’

पेटी जशीच्या तशी आहे, हे तुझ्या माहितीसाठी. सागाचं लाकूड, आत निळं मखमल, किलोपासून ग्रॅमपर्यंतची पितळी वजनं आपापल्या खळग्यात. लाकडासकट चार किलो. तू ती सोडून गेल्यावर बाबांनी त्यातलं एकही वजन कामाला घेतलं नाही. दुकानात आम्ही दुसरा संच वापरायचो. महिन्यातून एकदा ती उघडून पुसायचे आणि परत ठेवून द्यायचे. मला हात लावू देत नसत. आपल्या मुलीनं टाकून दिलेली वस्तू पुसत बसलेला बाप तू पाहिला नाहीस, मी पाहिला. दर महिन्याला.

धाकटी


९ मार्च

ताई,

तुझा अजून एक मेसेज आला, सूचनांचा तिसरा धरला तर हा चौथा. माझी चौकशी त्यातही नाही. ‘जास्तीच्या किलोंचं मी बघते, पण पेटी आण. आणि बॅग तोललीस की काट्याचा फोटो पाठव, मी सांगते काय काढायचं.’

तू काय सांगणार? मी काट्यांवर पोट भरते. तोललेल्या बॅगेचा फोटो मी तुला का पाठवू? माझ्यावर विश्वास नाही का? फोटो मिळणार नाही.

ऐक, तोलली. हुककाटा माळ्यावरून काढला, फडक्यानं पुसला, चौकटीला टांगला. मावशीनं आणि मी मिळून बॅग अडकवली. पहिल्या खेपेला फार भरली. शेगडा काढला. परत तोलली, परत जास्त. पुस्तकं काढली, बॅगेतला एक स्वेटर हातातल्या पिशवीत कोंबला, दुसरे बूट काढले. परत तोलली. माझ्या हिशेबानं बरोबर तेवीस. कुलूप लावलं.

शेगडा काढताना जीव तुटला. बाबांनी मला दिलेली तीच एक वस्तू होती. दुकानाच्या पहिल्या दिवशी म्हणाले होते, ‘हा तुझा.’ तिकडच्या कारखान्यात शेगडे असतील, चांगले असतील, पण तो माझ्या हाताला बसलाय. तो काढला तेव्हा तुझा फार राग आला. तुझा काही संबंध नव्हता, तरी आला.

मावशी सुईकडे बघत होती. म्हणाली, ‘हे तर तेवीस नाही दिसत.’

मी म्हटलं, ‘मावशी, काटा मला कळतो.’

तिला वाईट वाटलं असावं. वाटू दे.

तर तेवीसच्या वर एक ग्रॅम जागा नाही. जास्तीचे किलो मी घेणार नाही, तुझ्या खर्चानं तर नाहीच. नियम म्हणजे नियम. पेटी मावशीकडे राहील. तुला हवी असेल तर ये आणि घेऊन जा. यायला अकरा वर्षांत एकदाच जमलं तुला, आता कदाचित पितळेसाठी जमेल.

धाकटी


१५ मार्च

ताई,

उद्या निघते. पेटी आज दुपारी वर मावशीकडे नेऊन ठेवली, हुककाटाही तिलाच दिला. तिनं पेटी खुर्चीवर ठेवली, पाहुणी आल्यासारखी. मला म्हणाली, ‘तुमच्या दोघींचं काय आहे ते मला सांगू नकोस. पण हे चार किलो तुला जड होणार आहेत.’ मी म्हटलं, घेतलेच नाहीत तर जड कसे होतील.

तुझ्याकडून उत्तर आलं नाही. छान. हेच बघायचं होतं. मी त्या काउंटरवरून एकटी परत आले, तेव्हा मला कसं वाटलं ते तुला आता जरासं कळलं असेल. नसेल कळलं तर वर्षभर चार थांब्यांवर आहे, शिकवीन.

घर आवरताना बाबांचा पेला सापडला, दांडा तुटलेला. तू गेल्यावर त्यांना स्वतःचा चहा स्वतः करायची सवय लागली होती, हे तुला माहीत नसेल. त्याआधी सकाळचा आणि चारचा, दोन्ही मीच करायचे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा नेला तर म्हणाले, आत्ताच झाला. मला वाटलं, एक मुलगी गेली, दुसरीला किती राबवायचं असं मनात आलं असेल. मग तसंच चालू राहिलं. ते त्यांचा करायचे, मी माझा. एका टेबलाशी दोन पेले. बोलणं-हसणं सगळं नेहमीसारखं. मला त्यांच्या त्या काळजीचं फार कौतुक वाटायचं. आजारपणात शेवटच्या आठवड्यातसुद्धा उठून भिंत धरत स्वयंपाकघरात जायचे, माझे कष्ट वाचवायला.

असे बाबा तू सोडून गेलीस, एवढंच सांगायचं होतं. कुलूपबंद तेवीस किलो घेऊन येते. त्यात तुझं काही नाही.

धाकटी


२० मार्च

ताई,

या पत्राचा फोटो काढणार नाही. हे पाकिटात घालून टपालात टाकणार आहे. फोटो तू वाचशील तेव्हा पडद्यावर मी ‘ऑनलाइन’ दिसेन, आणि ते मला सहन होणार नाही. घरमालकीण म्हणाली गावातल्या गावात दोन दिवसांत पोचतं.

खोली बरी आहे. खिडकीतून एक भिंत आणि अर्धं झाड दिसतं. बॅग अजून पुरती उघडलेली नाही.

काउंटरवर माझ्यापुढे एक जोडपं होतं. त्यांची बॅग दीड किलो जास्त भरली आणि नवरा-बायको फरशीवर बसून एकमेकांच्या अंगावर कपडे चढवत होते. मी मनात म्हटलं, घरी नीट तोलून आणायला काय होतं. मग माझा नंबर आला. बॅग पट्ट्यावर ठेवली. समोर आकडा उमटला. एकोणीस.

मी त्या माणसाला विचारलं, ‘तुमचा काटा बरोबर आहे का?’

‘मागच्याच आठवड्यात तपासलाय, मॅडम,’ तो म्हणाला आणि बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. ‘अजून चार किलो नेता येतील तुम्हाला. काही घालायचं राहिलंय का?’

घालायचं काय राहिलं होतं ते तुला सांगायला नको. शेगडाही राहिला होता. दोन्हीतलं एक तरी आलं असतं.

आता सांगते. अकरा वर्षांपूर्वी तू निघायच्या आदल्या दिवशी, बाबा बाजारात आणि तू केस धुवायला गेलेली असताना, मी हुककाटा उघडला आणि आतली स्प्रिंग चार किलोंनी आवळून ठेवली. भंगार विकत घेणारे हेच करतात. सुई शून्याच्या खिळ्याला टेकून बसते, बघणाऱ्याला शून्यच दिसतं, आणि पहिले चार किलो फुकट जातात. सत्तावीस अडकवले की तेवीस दिसतात. तीन का नाही, पाच का नाही? पेटी चार किलोंची होती म्हणून.

तू कपडे काढायला लागली होतीस. पुस्तकंही काढली होतीस, फरशीवर ठेवली होतीस. मी म्हणाले, ‘पेटी काढ ना, बरोबर चार किलो आहे. पटकन होईल, मागं रांग आहे.’ हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. तू रडत होतीस हेही लिहिलं नाही. आणि तू मागं वळून बघितलं नाहीस असं लिहिलं, ते खोटं आहे. तू तीनदा वळलीस. तिन्ही वेळा पेटीकडे बघितलंस.

घरी येऊन बाबांना म्हणाले, ‘चार किलो जास्त भरले होते. तिनं पेटीच काढून दिली. तिकडे असल्या वजनांना कोण विचारतं, म्हणाली.’ बाबा म्हणाले, ‘बरं.’ बस. मी खूश झाले. पेटी घरात राहिली आणि तू त्यांच्या मनातून उतरलीस, दोन्ही एका स्क्रूत झालं असं मला वाटलं. स्प्रिंग नंतर परत सैल करायची असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी काटा माळ्यावर टाकलेला. मला हायसंच वाटलं.

म्हणून यंदा बॅग तोलताना सुई एकोणीसवर थांबवली आणि मनातल्या मनात चार मिळवले. म्हणूनच फोटो पाठवला नाही. ताई, मी लोकांचा एकही काटा न तपासता हातात धरत नाही. घरात पेटीभर तपासलेली वजनं होती. त्यातलं किलोचं वजन हुकाला नुसतं टांगलं असतं तरी कळलं असतं. पण ती चूक मी स्वतः केली होती, म्हणून तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

विमानाला दोन तास होते. मी मावशीला फोन केला.

‘मावशी, हुककाटा उघड.’

‘आत्ता? मी भाजी निवडतेय.’

‘आत्ता. मागे दोन स्क्रू आहेत. सुरीच्या टोकानं निघतील.’

ती बराच वेळ खुडबुडत होती. मग म्हणाली, ‘उघडला. आत पट्टी चिकटवलीय. तुझ्या बाबांचं अक्षर आहे.’

‘वाच.’

तिनं तारीख वाचली. तू गेलीस त्याच दिवसाची. ‘पुढे लिहिलंय, चार किलो हलका. हात. दुरुस्त केला.’ मग म्हणाली, ‘हात म्हणजे काय गं?’

मी म्हटलं, ‘काही नाही. ठेव बंद करून.’

त्यांच्या काट्यावर तेवीस आणि काउंटरवर सत्तावीस, हे मी त्यांनाच जाऊन सांगितलं. त्यांना. आणि ते ‘बरं’ म्हणाले म्हणून मला वाटलं, सुटले. मी त्या संध्याकाळी दिवाबत्तीचं सामान आणायला खाली गेले होते, अर्धा तास. तेवढ्यात त्यांनी काटा उघडला असणार, ठीक केला असणार, आत लिहिलं असणार. मग मी आले तेव्हा जेवायला वाढ म्हणाले.

पुढची साडेनऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी टेबलाशी बसले. त्यांनी मला सगळं शिकवलं, माझं काम लोकांना कौतुकानं दाखवलं, माझी थट्टा केली, ताप आला तेव्हा उशाशी बसले. आणि माझ्या हातचा चहा घेतला नाही. शेवटच्या आठवड्यात भिंत धरून जायचे ते माझे कष्ट वाचवायला जात नव्हते. बाजारातल्या इतर दुकानदारांसारखीच मी एक होते, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी त्यांचं कौतुक करत माझ्या पेल्यातला चहा पीत होते.

एकदा तोंड उघडून बोलले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. बोलले नाहीत. त्याचाही मला राग आहे, आता तो कुणावर काढू? तुझ्यावर काढता येत नाही, हीच मोठी पंचाईत झालीय.

तू टाकून दिलीस असं त्यांना एक दिवसही वाटलं नाही, हे तुला कळायला हवं. तू अकरा वर्षं ते मनात घेऊन बसली होतीस आणि मी दर पत्रात त्यावर बोट ठेवत होते. ते पेटी पुसून ठेवत होते ती तुझी म्हणून. दुसऱ्याची वस्तू दुरुस्तीला आली की ते तशीच पुसून ठेवायचे, न वापरता.

पेटी मावशीनं काल पार्सलला दिली. तुझ्या पत्त्यावर. तिथल्या काट्यावर चार किलो दोनशे भरली, पुठ्ठ्यासकट. मावशीनं पावतीचा फोटो पाठवलाय, न मागता.

माफी मागणारं पत्र मला लिहिता येत नाही, आणि हे तसं नाही. तू वर्षाचं सांगून अकरा वर्षं राहिलीस, मला एकटीला सगळं निस्तरावं लागलं, तो राग तसाच आहे. तो खरा आहे, त्यात मी कुठला स्क्रू फिरवलेला नाही. तो घेऊनच येते.

रविवारी चार वाजता. बस कुठली ते विचारून ठेवलंय. दार उघडशील असं धरून चालते. बसायला सांगितलंस तर बसेन, बोललीस तर ऐकेन. फक्त चहाची वेळ आहे म्हणून रीतीनं आधण ठेवू नकोस. तुला मनापासून वाटलं तरच ठेव, आणि नाही वाटलं तर आत्ताच झाला असं म्हणू नकोस. तोंडावर सांग.

धाकटी